खाडीतले रोडगे

समुद्रापुढे उभं राहिलं की माणसाचा अहंकार गळून पडतो, असं समुद्र पाहण्याआधी मी बऱ्याच पुस्तकांत वाचलं होतं. ही पुस्तकं लिहिणारे बहुधा समुद्राकाठीच राहत, आणि त्यांच्या प्रस्तावना वाचल्यावर समुद्राचा गुण जरा सावकाश येत असावा असं वाटे. आमच्या घरात समुद्र कुणी पाहिला नव्हता. पूर्णेला पूर आला की पुलावर जाऊन उभं राहायचं, एवढाच आमचा मोठ्या पाण्याशी संबंध. गळून पडण्याजोगा अहंकारही घरात फारसा साठलेला नव्हता.

तरी आम्ही गेलो, ते माझ्या धाकट्या बहिणीच्या नोकरीमुळे. विदर्भ आधी मुंबई राज्यात गेला, मग मराठी राज्य झालं. या घडामोडींवर अमरावतीत पुष्कळ भाषणं झाली आणि त्यांतली बरीच मी ऐकली, कारण मी तिथल्या एका कॉलेजात नुकताच शिकवायला लागलो होतो आणि अशा भाषणांना प्राध्यापकांनी पुढच्या रांगेत बसायचं असे. आमच्या घरापर्यंत त्या इतिहासाचा परिणाम एवढाच पोचला की नागपूरला नर्सिंग शिकलेल्या मुलीची नेमणूक आता थेट रत्नागिरी जिल्ह्यातही होऊ शकत होती. तशी ती झाली. समुद्राला लागून एक गाव, तिथलं नवं आरोग्य केंद्र, आणि आसपासच्या पाच-सहा वाड्या.

आमचे वडील रेल्वेत चावीवाले होते. अकोल्याजवळच्या एका लहान स्टेशनावर आम्हांला क्वार्टर होतं. चावीवाल्याचं काम असं, की रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून आपल्या हद्दीतला रूळ पायी चालत तपासायचा. सैल झालेली चावी ठोकायची, भेग दिसली तर लाल झेंडी लावायची. जी लाइन पायी पाहिली नाही तिच्यावरून गाडी सोडायची नाही, हा नियम त्यांनी रेल्वेकडून घेतला आणि मग आयुष्यात सगळीकडे वापरला. माझ्या लग्नाच्या वेळी त्यांनी व्याह्यांचं गाव असंच चालून पाहिलं होतं. व्याह्यांना वाटलं, हे शेत विकत घ्यायला आलेत.

नेमणुकीची बातमी आली तेव्हा घरात दोन पक्ष पडले. हिवरखेडचं एक स्थळ सांगून आलेलं होतं. मुलगा मास्तर होता, माणसं बरी होती, पण त्यांना नोकरी करणारी सून नको होती आणि फार वाट पाहायचीही त्यांची तयारी नव्हती. माय त्या स्थळाच्या बाजूनं होती.

"पोरीले पाण्यात लोटून राहिले तुमी," ती म्हणाली.

"पाण्यात नाई व, पाण्याच्या काठी," बाबा म्हणाले.

"काठावरूनच मानूस पडते."

बहीण काही बोलली नाही. तिनं ट्रंक भरायला घेतली. ती बोलत नसली की ठरलेलं असतं, हे घरात सर्वांना माहीत होतं. फक्त बाबांनी ठरवायचं बाकी होतं, आणि बाबा म्हणाले, "मी पायी पाह्यतो. लाइन बरी असली तर ही राहीन. नसली तर वापस आनतो आन् हिवरखेडले हो कळवतो."

लाइन बरी म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. छप्पन साली आम्ही धम्म घेतला होता. त्यानं आमच्या मनावरचं बरंच ओझं उतरलं. दुसऱ्यांच्या मनावरचं उतरलं की नाही, हे मात्र गावोगाव जाऊन पाहावं लागे. नर्स म्हणजे लोकांच्या घरात, अगदी आतल्या खोलीत जाणारं माणूस. तिला ओट्यावरच थांबवलं तर बाळंतपण ओट्यावर करायचं की काय? आणि एकट्या मुलीनं त्या गावात राहायचं तर पाणी कुठून भरायचं? बाबांना समुद्राची भीती नव्हती. त्यांना विहिरीची होती.

बाबांचा पास कल्याणपर्यंत चालला. कोकणात रेल्वे नाही हे त्यांनी ऐकलं होतं, पण डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांना वाईट वाटलं. पुढे एस.टी.ची लाल गाडी, तीही एक नव्हे. पनवेल, महाड, घाट, पुन्हा घाट. गाडी थांबली की बाबा उतरत आणि चाकाचे नट दगडानं ठोकून पाहत.

"काय तपासताय बाबा?" कंडक्टरनं विचारलं.

"नट."

"ते आम्ही रोज तपासतो."

"तपासा ना. मी बी पाह्यतो."

दुसऱ्या थांब्यावर कंडक्टर त्यांच्याबरोबर उतरला. तिसऱ्यावर ड्रायव्हरही उतरला आणि मागच्या डाव्या चाकाचा एक नट त्यानं खरंच आवळला. त्यानंतर गाडीत बाबांना खिडकीची जागा मिळाली. मी या काळात बहिणीला भरती-ओहोटी समजावून सांगत होतो. चंद्राची ओढ, सूर्याची ओढ, दोन्ही एका रेषेत आल्या की काय होतं, वगैरे. तिला घाटात मळमळत होतं. तरी ती हं हं म्हणत होती, यात तिच्या व्यवसायाची तयारी दिसत होती.

शेवटची गाडी जिथे थांबली तिथून पुढे चालत जायचं आणि मग होडीनं खाडी ओलांडायची. आम्हांला न्यायला एक निवृत्त हवालदार आले होते. ओळखीच्यांच्या ओळखीतून त्यांचं नाव मिळालं होतं. पलटणीत नोकरी करून आलेले, बौद्धवाडीतले वडीलधारे. वाडी खाडीपलीकडे डोंगराच्या कुशीत, गावापासून बरीच वर. त्यांच्या घरी आम्ही उतरलो. त्यांनी आम्हांला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि सुकट वाढली. बाबांनी आपल्या पिशवीतून ज्वारीचं पीठ काढून हवालदारांच्या बायकोपुढे ठेवलं. तिनं ते चिमटीत घेऊन पाहिलं आणि विचारलं, हे कशावर लावायचं.

आरोग्य केंद्र दुसऱ्या दिवशी पाहिलं. इमारत चांगली होती. दाराच्या बाजूला संगमरवरी पाटी होती आणि तिच्यावर उद्घाटन करणाऱ्या पाहुण्यांचं नाव, त्यांची पदवी, त्यांच्या सोबत आलेल्यांची नावं, त्यांना आणणाऱ्यांची नावं अशी उतरत्या अक्षरांत कोरलेली होती. दार बंद होतं. ओसरीत शेळ्या होत्या. सरपंच भेटायला आले. जुन्या खोतांच्या घरातले, पांढरं उपरणं, बोलणं गोड. "या सागरतीरी आता आरोग्याची गंगा वाहणार," असं ते बहिणीला म्हणाले. गंगा वाहायला अजून कुणी आलं नव्हतं हे त्यांच्याकडूनच कळलं. आधी नेमलेल्या दोघी जणी गाव पाहून परत गेल्या होत्या.

"का गेल्या?" मी विचारलं.

"मोटार येत नाही ना इथवर," सरपंच म्हणाले. "चालण्याची सवय हल्ली कुणाला आहे?"

बाबांचा चेहरा उजळला. चालणं ही अडचण असेल तर ती अडचणच नव्हती.

मग आमची तपासणी सुरू झाली. सकाळी भाकरी खाऊन निघायचं आणि ऊन उतरता परत यायचं. एकेक वाडी पायी. कोकण हा सुटीला जाण्याचा मुलूख आहे असं लोक म्हणतात, आणि आम्ही तो जसा पाहिला तसा सुटीवर आलेला कुणी पाहत असेल असं मला वाटत नाही. कातळाचे सडे होते, काळे, उघडे, पाय भाजणारे. ते उतरलं की एकदम गार सावली, सुपारीच्या बागा, पाटाचं पाणी. बाबांना वऱ्हाडातल्या सपाट जमिनीची सवय. आमच्याकडे गाव दिसलं की नाकासमोर चालत सुटायचं, गाव येतंच. इथे समोर हाकेवर वाडी दिसे आणि मध्ये दरी निघे. "गाव दाखवते आन् देत नाई," बाबा म्हणाले. तरी दोन-तीन दिवसांत त्यांनी डोंगर वाचायला शिकून घेतलं. पाणी जिकडून उतरतं तिकडून वाट असते हा त्यांचा शोध होता. मला तो एका भूगोलाच्या पुस्तकात आधीच सापडलेला होता, पण त्या पुस्तकात वाट नव्हती.

आणि समुद्र. एका टेकाडावरून उतरताना तो अचानक दिसला. मी थांबलो, काही तरी वाटायची वाट पाहिली. बाबाही थांबले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "एवढ्या पान्याचं करतात काय?"

"काही करत नाहीत. मासे धरतात."

"मंग ठीक हाय."

बहीण मात्र चप्पल हातात घेऊन ओल्या वाळूवर धावत सुटली. नागपूरच्या हॉस्टेलातही मी तिला धावताना पाहिलं नव्हतं. बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हे मायले सांगू नोको."

त्याच किनाऱ्यावर एक मोटार आली होती. खाडीपलीकडून नव्हे, वरच्या रस्त्यानं, जिथवर येता येतं तिथवर. पुण्याचं कुटुंब. त्यांनी चटई पसरली, थर्मासमधून चहा प्यायले, समुद्राकडे तोंड करून एकमेकांचे फोटो काढले आणि ऊन वाढल्यावर गेले. जाता जाता त्या गृहस्थांनी मला सांगितलं, इथे पाहण्यासारखं दुसरं काही नाही. त्यांच्या चाकांना वाळू लागली होती. बाबांनी जाऊन नट पाहिले, त्या गृहस्थांना ते आवडलं नाही.

पण तपासणीचा खरा भाग वाडीवाडीतल्या दारात होई. बाबा दारापुढे उभे राहून पाणी मागत. आधी सांगत, "आमी वऱ्हाडातले, बौद्ध. ही माही पोरगी, तुमच्या दवाखान्यात नर्स म्हनून आली." मग पाणी मागत. तांब्या हातात दिला तर पीत. वरून ओंजळीत ओतायला लागले तर हात मागे घेऊन म्हणत, "राहू द्या. तहान नाई." उन्हात इतकं चालल्यावर ते खोटं आहे हे देणाऱ्यालाही कळे. भांडण नाही, उपदेश नाही. पुढची वाडी. रुळाला भेग असली तर चावीवाला रुळावर रागावत नाही, झेंडी लावतो.

तांब्या मिळालेली घरं होती, न मिळालेलीही होती. काही घरांत बायका गोंधळून आत जात आणि बाहेरच येत नसत. हिशेब कुठल्याच बाजूनं लागेना. बहीण एके दिवशी चिडून म्हणाली, "बाबा, ते पानी कसं देतात ते पाह्यता तुमी. मी बाया कशा हायेत ते पाह्यतो. या वाडीत दोघींना पाचवा महिना हाये. दाखवाले न्यायाचं तर कोसावर हाये दवाखाना, आन् त्याले कुलूप."

"पानी देत नसतीन तर तुले दाखवतीन का त्या?"

"दाखवलं ना. मागच्या दारानं बोलावून दाखवलं."

"मागच्या दारानं," बाबा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी आपला उपाय काढला. आमच्याकडे थंडीच्या दिवसांत रोडग्यांचं जेवण असतं. गव्हाच्या जाड्या पिठाचे पदर घालून गोळे करायचे, गवऱ्यांच्या इंगळात भाजायचे, वरचा पापुद्रा काढून तुपात कुस्करायचे आणि वांग्याची भाजी, तुरीचं वरण यांच्याबरोबर खायचे. पूर्वी हे मारुतीच्या नावानं होई. आम्ही मारुती सोडला, रोडगे सोडले नाहीत. आणि रोडगे घरात करायची वस्तू नव्हे. ते शेतात करायचे, नाही तर नदीच्या कोरड्या पात्रात, जिथे वाळू स्वच्छ असते, आग पसरत नाही आणि साऱ्या गावाला बसायला जागा असते. पौषानंतर वऱ्हाडातल्या नद्यांचा तोच मुख्य उपयोग आहे.

"सगळ्यायले जेवाले बोलावतो," बाबा म्हणाले. "उघड्यावर. समोरच्या दारानं. जे जेवतीन ते जेवतीन. जेवलेच कोनी नाई, तर पोरीले घेऊन परवाच्या गाडीनं निंगतो."

बहिणीनं मान हलवली. अट तिला मान्य होती असं नाही, पण ती आता उघड झाली होती.

जागा बाबांनी स्वतः हेरली. आरोग्य केंद्राच्या मागे खाडीचा एक फाटा होता. आम्ही त्या वाटेनं रोज जात होतो आणि तो रोज कोरडा होता. रुंद, सपाट, मऊ वाळू, दोन्ही काठांना झाडं. आमच्या डोळ्यांना तो नाला होता, आणि चांगला नाला होता. दिवस ठरला पौर्णिमेचा. माघातली पौर्णिमा, बौद्धांना शुभ दिवस. हवालदार म्हणाले, उत्तम. गव्हाचं पीठ तालुक्यातून आणलं, वांगी वाडीतल्या परसांतून गोळा झाली. गवऱ्या मिळायला त्रास पडला. शेण तिकडे पेरणीआधी शेत भाजायला राखून ठेवतात, ते जाळून वर पीठ भाजणाऱ्या माणसांबद्दल हवालदारांच्या बायकोचं मत बदललेलं दिसलं. आमंत्रण हवालदारांनी घरोघरी दिलं. "दवाखान्यामागे, ओढ्याकडे" असं त्यांनी सांगितलं, आणि ओढ्याकडे म्हणजे ओढ्याच्या काठावर असंच त्यांना वाटत होतं. काठावरच्या आंब्याखाली त्यांनी झाडून सडाही टाकून ठेवला होता. मग ते राहिलेलं तूप आणायला वरच्या वाडीत गेले.

आम्ही सकाळी आलो, आंब्याखालचा सडा पाहिला, जागा अपुरी आहे असं बाबांचं मत पडलं, आणि आम्ही नाल्याच्या मधोमध आग लावली.

गवऱ्या पेटल्या, धूर सरळ वर गेला. इंगळ झाले. बाबा गोळे आत सोडत होते, बहीण कणीक मळत होती, मी वांगी चिरत होतो. काठावर माणसं जमायला लागली. खाली कुणी येईना. बायका पदर दातांत धरून उभ्या, पुरुष टोपी नीट करत उभे, सरपंचही त्यांच्यात होते. आम्हांला वाटलं, आमच्या हातचं खायचं की नाही याचा विचार चालला आहे. तोही चालला असेल. पण नंतर कळलं ते असं, की आम्ही भर खाडीत चूल का मांडली याचं त्यांना नवल वाटत होतं, आणि वऱ्हाडातल्या बौद्धांचा हा काही विधी असावा, मध्ये बोलणं बरं दिसणार नाही, असं त्यांनी आपसांत ठरवलं होतं. कोकणी माणूस दुसऱ्याच्या धर्मात ढवळाढवळ करत नाही, निदान त्यात पाणी भरेपर्यंत.

पाणी आधी दिसलंच नाही. वाळू काळी पडली, एवढंच. मग कुठून तरी एक बारीक धार वळणं घेत आली. बाबा उभे राहिले आणि त्यांनी नाल्याच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे पाहिलं.

"वर कुठी पानी पडलं का गा?"

आभाळ स्वच्छ होतं. चावीवाल्याला पूर माहीत असतो, पूर वरून येतो. म्हणून ते वरच पाहत राहिले. पूर खालून आला. आवाज नाही, लाट नाही. धार होती तिची ओढ झाली, ओढीचं पाणी झालं, आणि आगीच्या एका कडेला फुस्स झालं. "दादा, भाजी उचल," बहीण म्हणाली, आणि तिनं परात डोक्यावर घेतली. मी भाजीचं पातेलं उचललं. बाबांनी सदऱ्याच्या ओच्यात गरम रोडगे भरायला सुरुवात केली. पोटऱ्यांना पाणी लागेपर्यंत मला आठवलं नव्हतं की पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत येतात.

तेवढ्यात फाट्याच्या तोंडाकडून होडी आली. खाडीवर माणसं पलीकडे नेणारी तर चालवणारा तरणा माणूस वल्हवत होता आणि पुढे त्याची म्हातारी आई बसली होती. ती पलीकडच्या काठाहून जेवायलाच निघाली होती आणि चालावं लागू नये म्हणून रोजच्यासारखी भरतीची वेळ धरून आली होती.

"अवो पाहुणे," ती लांबूनच म्हणाली, "पाण्यात चूल कोण मांडतं?"

"मांडली तवा पानी नव्हतं," बाबा म्हणाले.

"दुपारचं येतंच की. आज पुनव नाय का?"

"पुनव हाये म्हनूनच मांडली."

 म्हातारीनं हात पुढे केला आणि बाबांच्या ओच्यातले रोडगे एकेक करून आपल्या पदरात घेतले. एवढ्यात काठ हलला. आतापर्यंत खाली न उतरलेली माणसं आता धोतरं वर खोचून पाण्यात आली, कारण विधी असो नसो, बुडणारं भांडं धरायचं असतं हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. कुणी वरणाची कढई धरली, कुणी तरंगत निघालेल्या गवऱ्या. पाण्यात तरंगणारे रोडगे बायकांनी टोपलीनं मासळीसारखे वेचले. कुणाच्या हाताला कुणाचा हात लागला हे पाहायला तेव्हा कुणी मोकळं नव्हतं.

सगळा पसारा आंब्याखाली, सड्यावर येऊन पडला. हवालदार तूप घेऊन पोचले तेव्हा आम्ही सगळे ओले बसलेलो होतो आणि मध्ये रोडग्यांचा ढीग होता, काही करपलेले, काही कच्चे, काही खाडीत भिजलेले. आता प्रश्न पुन्हा तोच होता. सगळे ढिगाकडे पाहत होते. बाबा कुणाकडेच पाहत नव्हते.

म्हातारीनं त्यातला एक उचलला, फोडला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"मीठ जास्त झालंय," ती म्हणाली.

"ते तुमच्याकडचं हाये," बाबा म्हणाले.

लोक हसले. मग एक जण बसला, मग दुसरा. सगळे बसले असं मी म्हणणार नाही. काही घरं काठावरूनच परत गेली. सरपंचांचा त्या दिवशी उपास निघाला. उपास कुठल्या देवाचा ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. पण बसलेल्यांची पंगत आंब्याच्या सावलीत मावेना, आणि वांग्याची भाजी दुसऱ्यांदा मागितली गेली. भाजीत खाडी पडली नव्हती.

जेवताना म्हातारीनं बहिणीला विचारलं, "तू राहणार कुठं? दवाखान्यात तर शेळ्या."

"पाह्यतो अजून."

"आमची पडवी रिकामी हाय. दवाखाना साफ होईस्तवर राहा. पोराची बायको गरवार हाय, तिला बघशील."

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. इतके दिवस जे ते दारोदार आडून विचारत होते ते त्यांनी सरळ विचारलं.

"पानी कुठलं भरन ती?"

"आमची विहीर हाय ना."

"भरू द्याल?"

म्हातारीला प्रश्न कळला नाही, किंवा कळला आणि तिनं तो घेतला नाही. "पोहरा हाय, दोर हाय," ती कातावून म्हणाली. "मग काय मी तिला भरून देणार हाय? या वयात?"

 आमच्या मुलखात तो दोर हातात यावा म्हणून माणसांच्या हयाती गेल्या होत्या, आणि या बाईला फक्त आपल्या कंबरेची काळजी होती. बाबांनी खाली ठेवलेला घास उचलला, खाल्ला, पाणी मागितलं. म्हातारीनं तांब्या त्यांच्या पुढ्यात आपटल्यासारखा ठेवला. ते गटागट प्यायले आणि बहिणीला म्हणाले, "राह्य."

"मी राहनारच होतो, बाबा."

"मले मालूम हाय. तरी मी म्हनतो ना, राह्य."

परतीच्या प्रवासात बाबांनी एकही नट तपासला नाही, ते झोपले. घरी पोचल्यावर मायनं दारातच विचारलं, कशी हाये जागा. "लाइन बरी हाये," ते म्हणाले. "वळनं लय हायेत. काही ठिकानी चावी ढिली हाये, पन पोरगी ठोकून घेईन." माय दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं हिवरखेडला नकार कळवायला मला पाठवलं. मास्तरांच्या घरी मला चहा मिळाला, आणि त्यांनी बहिणीच्या धाडसाबद्दल एक छोटंसं भाषण केलं, ते मी पुढच्या रांगेत बसून ऐकलं.

बहीण त्या गावात राहिली. म्हातारीची नात बहिणीच्याच हातांवर जन्मली. बोलावणं मागच्या दारानं यायचं ते हळूहळू पुढच्या दारानं यायला लागलं, सगळीकडून नव्हे, पण अधिक घरांतून, आणि जिथून आलं नाही तिथेही ती जात राहिली. आरोग्य केंद्राच्या पाटीवर तिचं नाव नाही. पाटीवर जागाच उरली नव्हती.

काही वर्षांनी मायच्या आग्रहावरून मी अमरावती-अकोल्याच्या कचेऱ्यांत बरेच हेलपाटे घातले आणि तिची बदली बाळापूरला करून आणली. ती तिनं रद्द करवून घेतली. अर्जात कारण दिलं होतं की वऱ्हाडातला उन्हाळा तिला सोसत नाही. तिचा जन्म अकोल्याचा, वैशाखातला.